वालरससाठी १५ मैल : ध्रुवीय समुद्रातील तेलखोदाई आणि वन्यजीव संरक्षणाचे नियम

उत्तरा

उत्तर ध्रुवीय समुद्रातील तेलखोदाईविषयी गेले काही महिने मी सवडीने वाचते आहे आणि एका ठिकाणी अडले आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या वायव्येला, चुकची समुद्रात, शेल या तेल कंपनीला एकाच वेळी दोन रिग (विहीर खोदणारी तरंगती यंत्रणा) लावून दोन विहिरी खोदायच्या होत्या. ३० जून रोजी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने कंपनीला परवानगीचे पत्र दिले. पण एकाच वेळी चालणाऱ्या दोन खोदकामांमध्ये किमान १५ मैलांचे अंतर राहिले पाहिजे, अशी अट त्यात होती. कंपनीने निवडलेल्या दोन्ही जागा एकमेकींपासून जेमतेम ९ मैलांवर होत्या. त्यामुळे त्या हंगामात एकाच विहिरीचे काम होऊ शकले. अब्जावधी डॉलर ओतलेला बेत वालरस या सुळे असलेल्या सागरी प्राण्यासाठी लिहिलेल्या एका नियमामुळे निम्म्यावर आला, हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

पुढे वाचत गेले तसा माझा गोंधळ मात्र वाढला. सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यानुसार या प्राण्यांना मारणे किंवा पकडणेच नव्हे, तर त्रास देणेही निषिद्ध आहे. असे असताना प्राण्यांच्या रक्षणासाठी नेमलेली यंत्रणाच ‘काम करताना वालरसना आणि ध्रुवीय अस्वलांना थोडा त्रास झाला तर तो गुन्हा धरला जाणार नाही’ असे कंपनीला लेखी कसे देते? याला संरक्षण म्हणायचे की त्रास देण्याचा परवाना? दुसरे असे की हा १५ मैलांचा आकडा आला कुठून? आणि धुक्याने, बर्फाने भरलेल्या समुद्रात असे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणारे कोणी असते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अन्वय

उत्तराताई, तुमचा पहिला प्रश्न या विषयाच्या मुळाशीच जाणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

१९७२ च्या कायद्याचा पाया बंदीचा आहे, हे तुमचे वाचन बरोबर आहे. मात्र १९८१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि मासेमारी सोडून इतर कामांसाठी एक वाट ठेवण्यात आली. एखादे काम प्राण्यांना इजा करण्यासाठी केले जात नसेल, पण करताना ओघाने त्यांना त्रास होण्याची शक्यता असेल, तर त्यासाठी आधी परवानगी मागता येते. ती मिळण्याच्या अटी अशा की बाधित होणाऱ्या प्राण्यांची संख्या अल्प असावी, त्या प्राण्यांच्या एकूण समुदायावर होणारा परिणाम नगण्य असावा, आणि उपजीविकेसाठी शिकार करणाऱ्या स्थानिक आदिवासींच्या वाट्याला प्राणीच न येण्याइतका अडथळा होऊ नये. त्रासाचेही दोन स्तर कायद्यात मानलेले आहेत : शारीरिक इजा करू शकेल असा, आणि चरणे, पिलांना पाजणे, विसावणे, स्थलांतर करणे अशा नित्याच्या वागण्यात व्यत्यय आणणारा. वालरस आणि ध्रुवीय अस्वल मत्स्य व वन्यजीव सेवेच्या अखत्यारीत येतात, तर देवमासे आणि सील हे राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवेच्या. एकाच रिगसाठी दोन निरनिराळ्या कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात ते त्यामुळे.

आता परवाना की संरक्षण, या मुद्द्याकडे वळतो. परवानगीपत्र नसेल आणि रिगच्या आवाजाने एक वालरस जरी बर्फावरून पाण्यात पळाला, तरी कायद्याचा भंग होतो. समुद्रतळाचा पट्टा लिलावात घेतला, खोदकामाचा आराखडा मंजूर झाला, तरी हा धोका कंपनीच्या डोक्यावर राहतोच. म्हणूनच ती परवानगी मागायला येते आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्यावर अटी घालण्याची संधी यंत्रणेला मिळते. चुकचीतील पट्ट्यांचा लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये झाला होता आणि त्यात सुमारे २.६६ अब्ज डॉलरच्या बोली लागल्या, त्यांपैकी २.१ अब्ज एकट्या शेलच्या होत्या. एवढी रक्कम मोजूनही १५ मैलांच्या अटीतून सुटका झाली नाही, कारण ती अट २०१५ मध्ये ऐनवेळी सुचलेली नव्हती. जून २०१३ मध्ये पाच वर्षांसाठी जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतच ती लिहिलेली होती. ११ मे २०१५ रोजी समुद्रातील ऊर्जेचे काम पाहणाऱ्या विभागाने दोन रिगांचा आराखडा सशर्त मंजूर केला, तेव्हा पर्यावरण संस्थांनी त्या नियमाकडे बोट दाखवले आणि वन्यजीव सेवेला तो लावावाच लागला.

आकड्यामागचे कारण समजून घ्यायचे तर वालरस कसा जगतो ते पाहावे लागेल. चुकचीचा तळ उथळ आहे, बऱ्याच भागात पन्नास मीटरच्या आसपास. वालरस तळाशी बुडी मारतो, चिखलात मिशा फिरवून शिंपले चाचपतो, ओठांनी त्यांतले मांस शोषून घेतो आणि दमला की वर येऊन बर्फाच्या तुकड्यावर विसावतो. माद्या आणि पिले तर बर्फाबरोबरच सरकत राहतात. हॅना शोल नावाचा उथळ भाग हे त्यांचे आवडते चरण्याचे ठिकाण आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथले बर्फ वितळून गेले की ते किनाऱ्यावर येऊन दाटी करतात. सप्टेंबर २०१४ मध्ये पॉइंट ले गावाजवळ एकाच वेळी सुमारे ३५,००० वालरस जमले होते. अशा गर्दीत विमानाच्या आवाजाने किंवा अस्वलाच्या वासाने एकदा पळापळ झाली की लहान पिले मोठ्यांच्या अंगाखाली चिरडून मरतात. किनारा आणि चरण्याची जागा यांच्यामध्ये त्यांची सतत ये-जा चालू असते. दोन रिग शेजारी शेजारी असतील, तर प्रत्येकीच्या आवाजाचे वर्तुळ दुसरीच्या वर्तुळाला भिडते आणि मध्ये सलग भिंत उभी राहते. वर्तुळे वेगळी राहावीत आणि मधून वाट मोकळी असावी, एकामुळे होणाऱ्या त्रासात दुसऱ्याची भर पडू नये, हा १५ मैलांमागचा विचार आहे.

दर्यावर्दी

उत्तराताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण उत्तरेकडील थंड समुद्रात सर्वेक्षणाच्या जहाजांवर काही हंगाम मी संरक्षित प्राण्यांचा निरीक्षक म्हणून काम केले आहे.

पाहणारे कोणी असते का, तर असते, आणि ते आम्हीच असतो. जहाजाच्या उंच भागात आळीपाळीने उभे राहायचे, दुर्बिणीतल्या बारीक रेघांवरून क्षितिजापासूनचे अंतर मोजायचे, आणि जो प्राणी दिसेल त्याची जात, संख्या, दिशा आणि वागणे तक्त्यात भरायचे. तळाखालच्या थरांचा वेध घेण्यासाठी हवेच्या बंदुका उडवतात, तेव्हा जहाजाभोवती एक वर्तुळ आखलेले असते. मी होतो त्या काळी देवमाशांसाठी पाण्याखालील १८० डेसिबलची आणि सीलसाठी १९० डेसिबलची सीमा धरली जाई. २०१६ मध्ये प्राण्यांच्या ऐकण्याच्या क्षमतेनुसार नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. पाण्यातल्या डेसिबलची हवेतल्या डेसिबलशी सरळ तुलना करता येत नाही, हे ओघात सांगून ठेवतो, कारण बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो. बंदुका सुरू करण्यापूर्वी अर्धा तास वर्तुळात कोणी नाही याची खात्री करायची, मग एकेक बंदूक वाढवत आवाज चढवायचा, म्हणजे जवळपास कोणी असेल त्याला दूर जायला अवधी मिळतो. मध्येच प्राणी वर्तुळात शिरला तर आमच्या एका शब्दावर काम थांबते.

आता यातली अडचणही सांगितली पाहिजे. पोहणाऱ्या वालरसचे डोके लाटांमध्ये वाहत्या ओंडक्यासारखे दिसते. तो नाकपुड्या उघडतो, फवाऱ्यासारखा श्वास सोडतो, तेवढ्याच क्षणात त्याला हेरायचे असते. एकदा पहाटे एका हिमतुकड्यावर मळकट तपकिरी ढीग दिसला आणि मी त्याची नोंद ‘चिखलाने माखलेले बर्फ’ अशी करणारच होतो, इतक्यात त्या ढिगातून एक सुळा वर आला. ती मादी होती आणि तिच्या पाठीमागे पिलू होते. कप्तानाने वाट बदलली, पण तोपर्यंत आम्ही बरेच जवळ गेलो होतो. मादीने आधी पिलाला ढकलून पाण्यात उतरवले आणि मग ती उतरली. त्या दिवशीच्या तक्त्यात ‘२ वालरस, पाण्यात उतरले’ एवढेच मी लिहिले. कायद्याच्या भाषेत तो दुसऱ्या स्तराचा त्रास झाला.

ही तर स्वच्छ हवेतली गोष्ट झाली. उन्हाळ्यात तिथे दिवसचे दिवस धुके असते आणि धुक्यात निरीक्षक आंधळाच असतो. म्हणूनच अंतराचा नियम मला निरीक्षणाच्या नियमापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. दोन रिगांमध्ये १५ मैल आहेत की ९, हे नकाशावर कोणालाही मोजता येते. त्यासाठी धुके विरण्याची वाट पाहावी लागत नाही आणि कोणाच्या डोळ्यांवर विसंबावेही लागत नाही.

शर्वरी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. आवाजाच्या नियमांवर आपण जेवढे बोलतो, तेवढे तेलगळतीवर बोलत नाही. आणि वालरसचे किंवा अस्वलाचे खरे मरण तिथे आहे.

चुकचीतील पट्ट्यांसाठी सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये जो पर्यावरणीय अहवाल काढला, त्यात पट्ट्यांचा पूर्ण विकास झाला तर ७७ वर्षांच्या काळात १,००० बॅरलपेक्षा मोठी गळती किमान एकदा होण्याची शक्यता ७५ टक्के मानलेली होती. सर्वांत जवळचे खोल पाण्याचे बंदर म्हणजे अलास्काच्या दक्षिणेकडचे डच हार्बर, तेही सुमारे १,००० मैलांवर. बर्फाखाली गेलेले तेल तिथेच अडकते, नव्या बर्फात गोठून जाते आणि बर्फाबरोबर शेकडो मैल वाहत जाऊन वसंतात भलत्याच ठिकाणी वर येते. तरंगत्या बर्फात तवंग अडवण्याचे अडसर नीट टिकत नाहीत. हिवाळ्यात तर उजेडच नसतो. अस्वलाच्या केसांना तेल लागले की ऊब धरून ठेवण्याची त्यांची शक्ती जाते आणि ते चाटून साफ करताना तेल पोटात जाते. १९८० च्या सुमारास कॅनडात तीन अस्वलांना तेलाच्या संपर्कात आणून प्रयोग केला गेला, त्यांतली दोन दगावली. तो प्रयोग वाचताना मला फार वाईट वाटले होते, पण त्यातून जे कळले ते विसरता येत नाही.

कंपनीची तयारी कशी होती, तेही पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये गळती झाकण्यासाठी बनवलेला घुमट अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील प्युजेट साउंड या खाडीच्या शांत पाण्यातील चाचणीतच चेपून गेला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ओढून नेली जात असलेली कुलुक ही रिग वादळात सुटून अलास्कातील कोडियाकजवळच्या सिटकालिडाक बेटाच्या किनाऱ्याला लागली; तीवरील १८ जणांना तटरक्षक दलाने त्याआधीच हेलिकॉप्टरने उचलले होते. २०१५ च्या जुलैत फेनिका हे बर्फफोडे जहाज डच हार्बरहून निघतानाच तळाला घासले आणि त्याला भोक पडले. विहीर उसळली तर तिच्या तोंडावर बसवायचे झाकण याच जहाजावर होते. जहाज दुरुस्त होऊन परत येईपर्यंत कंपनीला फक्त वरच्या थरापर्यंत खोदण्याची मुभा मिळाली आणि तेलाच्या थरापर्यंत जाण्याची परवानगी १७ ऑगस्टला दिली गेली.

माझ्या मते वन्यजीव संरक्षणाचा सर्वांत परिणामकारक नियम कोणत्याही प्राण्याच्या नावाने लिहिलेला नाही. बर्फ जमण्यापूर्वी त्याच हंगामात दुसरी विहीर खोदून उसळलेली विहीर बंद करण्याची सोय, म्हणजे दुसरी रिग, जवळ असलीच पाहिजे, असे अमेरिकेने जुलै २०१६ च्या नियमांत घातले. कॅनडाचे धोरण १९७० च्या दशकापासूनच असे होते.

अन्वय

शर्वरीताई, गळतीबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण यातून एक पेच उभा राहतो. सुरक्षिततेसाठी दुसरी रिग जवळ हवी आणि वालरससाठी ती दूर हवी, असे दिसते. प्रत्यक्षात १५ मैलांचा नियम दुसऱ्या रिगच्या असण्याला नव्हता, तर दोन्हींनी एकाच वेळी खोदण्याला होता. राखीव रिग थांबून राहिली असती तर तिच्यावर या नियमाने आक्षेप घेतला नसता. दोन्ही रिग एकाच वेळी चालवण्यामागे कंपनीची सोय अशी होती की हंगाम छोटा आहे, म्हणून तेवढ्यात दोन विहिरी आटोपाव्यात. तीच सोय नियमाने काढून घेतली.

मृण्मयी

एक बाजू अजून आली नाही. या किनाऱ्यावर इनुपियात हे आदिवासी लोक राहतात आणि बोहेड देवमाशाची शिकार हा त्यांच्या अन्नाचा आणि सामाजिक जीवनाचा कणा आहे. बोहेड दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. २००७ मध्ये शिकार झालेल्या एकाच्या मानेत १८९० च्या सुमारास बनवलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला होता. आवाज आला की हे देवमासे किनाऱ्यापासून दूर वळतात, आणि ते दूर गेले की लहान होड्यांतून जाणाऱ्या शिकाऱ्यांना जिवावर उदार होऊन खोल समुद्रात जावे लागते. म्हणून अलास्का एस्किमो देवमासे शिकार आयोग कंपन्यांशी दरवर्षी लेखी करार करत आला आहे. २०१२ मध्ये अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रातील खोदकाम काक्तोविक आणि नुइक्सुत या गावांची शिकार पुरी होईपर्यंत, २५ ऑगस्टपासून, थांबवायचे ठरले होते.

सगळेच इनुपियात खोदाईच्या विरुद्ध आहेत, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. त्या भागातील शाळा, दवाखाने आणि अग्निशमन यांचा खर्च मोठ्या प्रमाणात तेलावरील करांतून भागतो. जमिनीवरील खोदाईला पाठिंबा देणारी आणि समुद्रातील खोदाईला विरोध करणारी माणसे एकाच घरात सापडतात. पॉइंट होप गावाने न्यायालयात जाऊन २०१४ च्या जानेवारीत असा निकाल मिळवला की २००८ च्या लिलावापूर्वी सरकारने एक अब्ज बॅरल तेलाचा जो अंदाज धरला तो मनमानी होता. शर्वरीताईंनी उल्लेखलेला २०१५ चा अहवाल त्या निकालामुळेच नव्याने करावा लागला.

उत्तरा

सर्वांचे मनापासून आभार. दर्यावर्दी यांच्या तक्त्यातील ‘२ वालरस, पाण्यात उतरले’ ही ओळ वाचून मी बराच वेळ थांबले. त्यावरूनच पुढचा प्रश्न सुचतो. ‘अल्प संख्या’ आणि ‘नगण्य परिणाम’ म्हणजे नेमके किती, हे कोण ठरवते? जाता जाता आणखी एक : अंटार्क्टिकावरील खाणकामाची बंदी २०४८ मध्ये संपते, असे मी अनेक ठिकाणी वाचले. ते खरे आहे का?

अन्वय

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. ते खरे नाही. १९९१ मध्ये माद्रिदला सह्या झालेला आणि १९९८ पासून लागू असलेला करार वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांशी संबंधित प्रत्येक कामाला मनाई करतो, आणि त्याला अखेरची तारीखच नाही. २०४८ नंतर एखादा सल्लागार सदस्य देश फेरविचारासाठी परिषद बोलावू शकतो, एवढाच त्या वर्षाचा अर्थ आहे. तरीही खनिजांविषयी पर्यायी बंधनकारक व्यवस्था अमलात आल्याशिवाय ती बंदी उठत नाही. उत्तर ध्रुवीय समुद्राला असे छत्र नाही. तिथे प्रत्येक किनारी देशाचा कायदा आपापल्या पाण्यापुरता चालतो. ग्रीनलँडने २०२१ मध्ये तेलाचे नवे शोधकाम थांबवले, तर नॉर्वेने बॅरंट्स समुद्रातील योहान कास्टबर्ग क्षेत्रातून २०२५ मध्ये उत्पादन सुरू केले.

‘किती’ या प्रश्नाशी जोडलेला एक महत्त्वाचा निकाल ७ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दिला. ब्यूफोर्ट समुद्रात खडीचे कृत्रिम बेट बांधून तेल काढण्याचा लिबर्टी नावाचा प्रकल्प होता आणि त्याची मंजुरी न्यायालयाने रद्द केली. मुख्य कारणे दोन होती. एक हवामानबदलाच्या, म्हणजे प्रकल्पामुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या, हिशेबाचे होते. दुसरे असे की ध्रुवीय अस्वलांना जीवघेणा नसलेला जो त्रास होईल, त्याचे मोजमाप वन्यजीव सेवेने केलेच नव्हते. किती अस्वले विचलित होतील याचा आकडा नव्हता, आणि आकडा देता येत नसेल तर का देता येत नाही याचे कारणही नव्हते.

दर्यावर्दी

अन्वय यांनी अस्वलांचा विषय काढला म्हणून एवढे जोडतो. मोजणे दिसते तितके सोपे नाही. मादी बर्फाच्या ढिगाऱ्याखाली बिळात असते, डिसेंबर-जानेवारीत पिले होतात तेव्हा ती जेमतेम अर्धा-पाऊण किलोची असतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती बाहेर पडत नाहीत. ठाऊक असलेल्या बिळापासून एक मैल दूर राहायचे, असा नियम आहे; पण बीळ ठाऊक व्हायचे कसे? त्यासाठी विमानातून उष्णता टिपणारे कॅमेरे वापरतात. वाऱ्याने किंवा जाड बर्फाने ती ऊब झाकली जाते आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की अशा उड्डाणांना निम्म्याहूनही कमी बिळे सापडली होती. म्हणून माझ्या जुन्या कामाच्या ठिकाणी आम्ही तक्त्यात ‘प्राणी नाही’ असे कधी लिहीत नसू. ‘प्राणी दिसला नाही’ असे लिहीत असू, आणि शेजारच्या रकान्यात त्या वेळी दृष्टी किती मीटरपर्यंत पोहोचत होती तो आकडा भरत असू.